दिवाळीत दवाखान्यात फराळ न्यायचाय, कसं करावं?

शेंगदाण्याची_चटणी

मंडळी नमस्कार. वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाकडं यंदा २२,४०० रुपये उरलेत. डीजे लावला नाही, म्हणून उरले. (लावायचा होता, परवानगी मिळाली नाही. उगाच पुण्य पदरात पाडून घेत नाही.) मीटिंगीत ठरलं की दिवाळीत सरकारी दवाखान्यात जाऊन पेशंटांना फराळ वाटायचा. अंदाजे दीडशे पाकिटं. त्यात दोन लाडू, चिवडा, चकली, करंजी. लहान मुलांच्या वार्डात खेळणी आणि फुगे. प्रत्येक खाटेला एक पणती आणि दारात आकाशकंदील. एका सभासदाला बॅनर पाहिजे, दुसरा म्हणतो बॅनर असला तर मी येत नाही.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथले अर्धे लोक ओळखीचे निघतील. मराठवाड्यातलं जिल्ह्याचं गाव, एवढंच समजा.

प्रश्न साधा आहे. कुणी आधी असं केलंय का? काय न्यावं, कधी जावं, कुणाला विचारावं? आणि जे कधीतरी ॲडमिट होते त्यांनी सांगा, तुम्हाला काय मिळालं असतं तर बरं वाटलं असतं?

हुरडा_पार्टी

बॅनरवर भावी नगरसेवकाचा फोटो किती फुटी आहे, त्यावर सल्ला अवलंबून.

गोदाकाठची

स्तुत्य उपक्रम. शुभेच्छा. अनारसेही ठेवा, दवाखान्यात कोण अनारसे देतं?

खाट_नंबर_सात

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. आयडी बघा माझा.

दुचाकीवरून पडलो, मांडीचं हाड मोडलं. दसऱ्याला ॲडमिट झालो आणि दिवाळी खाटेवर काढली. पाय वजन लावून ताणलेला, कुशीवर वळायचं म्हणलं तरी बायकोला हाक मारायची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी अकरापासून मंडळं सुरू झाली. पहिल्या मंडळानं केळी दिली. दुसऱ्यानंही केळी. तिसऱ्यानं बिस्किटपुडा आणि केळं. चौथ्या मंडळाचा फोटोवाला म्हणाला, काका, केळं छातीवर धरा, पायाजवळ दिसंना. मी धरलं. कुठल्या तरी पेपरात तो फोटो आला, माझ्या मेव्हण्यानं कात्रण ठेवलंय अजून. संध्याकाळपर्यंत माझ्या उशाशी अकरा केळी. शेजारच्या आठ नंबरला दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. त्याला रात्रीपासून पोटात काही घालायचं नव्हतं. त्याच्याही उशाशी अकरा केळी. बिचारा त्यांच्याकडं पाठ करून झोपला.

भाऊबीजेला कुणीच आलं नाही. पुढचे सतरा दिवस तर विचारूच नका.

मला काय आवडलं असतं? कुणीतरी येऊन दहा मिनिटं कापसाच्या भावावर बोललं असतं तर आवडलं असतं. आणि बायकोला दोन तास सुट्टी. ती बाई इतके दिवस खाटेखाली चटई टाकून झोपली. तिला मात्र कुणी केळंही दिलं नाही, कारण ती पेशंट नव्हती.

अधिपरिचारिका

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. एकोणीस वर्षं झाली, त्यातल्या बारा-तेरा दिवाळ्या तरी ड्युटीवर गेल्या. धागाकर्त्याचं मन चांगलं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. राग मानू नका.

पणती अजिबात नाही. खाटेजवळ तर नाहीच, दारातही नाही. वार्डात ऑक्सिजन चालू असतो. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो जिथं जास्त असतो तिथं चादर, केस, तेल काहीही भडकायला ठिणगी पुरते. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेला, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागली, अकरा पेशंट गेले. तिथं पणत्या लावल्या होत्या असं मी म्हणत नाही. पण आग म्हणलं की आमच्या पोटात गोळा येतो, तो यामुळं. कंदील लावायचा तर गेटवर लावा, आत नको.

फुगे नकोत. रबराची ॲलर्जी असणारे असतात, आणि फुटलेला तुकडा लहान मूल तोंडात घालतं. केसाळ बाहुल्या नकोत, त्या धुता येत नाहीत आणि या खाटेवरून त्या खाटेवर फिरतात. प्लास्टिकची, पुसता येणारी खेळणी चालतील. चित्रं काढायच्या वह्या आणि खडू त्याहून चांगले.

फराळ थेट पेशंटच्या हातात द्यायचा नाही. वार्डच्या इन्चार्ज सिस्टरकडं द्या. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाची शुगर चारशे आहे, कुणाला गिळताच येत नाही, हे तिला माहीत असतं. ती वाटेल. आधी चार-पाच दिवस अधीक्षकांच्या नावानं साधं पत्र द्या, किती माणसं येणार ते लिहा. सहाच्या वर माणसं आणू नका. सकाळी राउंड असतो, तेव्हा येऊ नका. चार ते सहा बरं.

आणि मावशी-मामांना विसरू नका. झाडणारी, बेडपॅन देणारी, स्ट्रेचर ढकलणारी ही माणसं. मंडळवाले त्यांना ओलांडून आत जातात.

निवृत्त_मास्तर

सिस्टरताईंबद्दल आदर राखून वेगळं मत मांडतो. सगळं नियमात बसवायला लागलात तर माणूस माणसाकडं जाणारच नाही. माझे वडील निजामाच्या काळातले. त्यांच्या वेळी गावातलं कुणी दवाखान्यात असलं की अख्खी आळी डबा घेऊन जायची, पत्र कुणी लिहीत नव्हतं. सणाचा गोड घास म्हणजे प्रसाद. एका लाडवानं कुणाची साखर काय वाढते?

एक_किडनी_पुरे

मास्तर, लाडवाचं सोडा, मी तुम्हाला शहाळ्याचं सांगतो.

माझ्या वडिलांचं आठवड्यात तीनदा डायलिसिस चालायचं. एकदा नात्यातले एक गृहस्थ मोठ्या प्रेमानं दोन शहाळी घेऊन आले. आजाऱ्याला शहाळं द्यावं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. वडिलांनी एक पूर्ण प्यायलं, मी तेव्हा औषधं आणायला गेलो होतो. रात्री छातीत धडधड, हातपाय गळालेले, पळापळ. किडनी काम करत नसली की पोटॅशियम अंगात साठतं, आणि ते जास्त झालं की हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. शहाळं, केळं, मोसंबी, खजूर, सुकामेवा, सगळ्यात ते भरपूर. म्हणजे आपण आजाऱ्याला जे जे नेतो ते सगळं. चिवड्याचं मीठ वेगळंच. मीठ खाल्लं की तहान लागते आणि पाणी तर मापून प्यायचं असतं.

वडील वाचले. नातलगाला आम्ही कधीच सांगितलं नाही. त्यांनी प्रेमानंच आणलं होतं.

निवृत्त_मास्तर

हे मला ठाऊक नव्हतं. प्रसादाचं विधान मागं घेतो. डबा घेऊन जाण्याचं मागं घेत नाही.

धपाटे_दही

मास्तरांनी आंतरजालावर विधान मागं घेतलं! धाग्याची प्रिंट काढून ठेवा रे कुणीतरी.

गोदाकाठची

माझ्या अनाराशांकडं कुणी लक्षच देईना. अनारसा तळताना हसला की... असो. पेशंटला नको तर नको, सिस्टर लोकांना द्या.

अंबाडीची_भाजी

@गोदाकाठची, अनारसा तुपात हसतो की तेलात, यावर वेगळा धागा काढा. तिथं मी येते भांडायला.

जुना_इंटर्न

मी घाटीत शिकलो. बाहेरच्यांसाठी: छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आणि रुग्णालयाला सगळा मराठवाडा घाटीच म्हणतो. १९५६ साली सुरू झालं. जालना, बीड, परभणी, हिंगोली तर आहेतच, पण बुलढाण्याकडचेही पेशंट येतात.

दिवाळीबद्दल बाहेरच्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. धनत्रयोदशीच्या आधी वार्ड रिकामा व्हायला लागतो. ज्याला ज्याला घरी जाता येईल तो जातो. टाके निघाले नसले तरी हट्टानं सुट्टी मागतो, आणि डॉक्टरही शक्य तिथं देतात. म्हणून दिवाळीत वार्डात जे राहतात ते दोनच प्रकारचे. खरोखर गंभीर, किंवा ज्यांना न्यायला कुणी नाही. धागाकर्त्याच्या दीडशे पाकिटांचा हिशोब तिथंच चुकतो. लाडू दीडशे लागणार नाहीत. जे राहतात त्यातल्या निम्म्यांना खाता येणार नाही. जी बाकी आहेत त्यांना लाडवापेक्षा माणूस पाहिजे असतो.

आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री अपघात विभागात नवी भरती सुरू होते. फटाक्यानं भाजलेली बोटं, डोळ्यात गेलेला भुईनळा. बहुतेक वेळा वात लागली नाही म्हणून वाकून बघणारं दहा-बारा वर्षांचं पोर. त्या रात्री तिथं कुणी गिफ्ट घेऊन येऊ नका, मार्ग मोकळा ठेवा.

कर्करोगाच्या दवाखान्यात जाणार असाल (आमखास मैदानाजवळ सरकारी आहे, सगळ्या मराठवाड्यातून लोक येतात) तर ताजी फुलं आणि कापलेली फळं नको. केमोनं पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा जंतूही भारी पडतो. सर्दी झालेल्या कार्यकर्त्याला घरी ठेवा.

हुरडा_पार्टी

परदेशात म्हणे डॉक्टर विदूषक होऊन वार्डात फिरतात. अमेरिकेतले पॅच ॲडम्स लाल नाक लावून जायचे. न्यूयॉर्कच्या एका सर्कसनं १९८६ पासून मुलांच्या दवाखान्यात विदूषक पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडं काय हरकत आहे? नाकाचा खर्च मी करतो.

धपाटे_दही

तुला नाक लावायची गरज नाही.

मुक्काम_पोस्ट_केज

विदूषक कशाला, आपला बहुरूपी काय वाईट आहे? मामा ॲडमिट होते तेव्हा एक बहुरूपी इन्स्पेक्टरच्या वेषात थेट पुरुषांच्या वार्डात शिरला. काठी आपटून म्हणाला, "कोण हाय रे इथं, बायकूला न सांगता आजारी पडलेला? वारंट आणलंय!" माझे मामा दोन दिवस बोलले नव्हते, ते म्हणाले, "सायेब, मी सांगूनच पडलोय." अख्खा वार्ड हसला. सलाईनवाले पोट धरून हसले. सिस्टरनं त्याला पाच मिनिटांनी बाहेर काढला, पण काढताना तीही हसायलीच होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. मागं आमच्या वस्तीवरच्या एका पोरीचं बाळ सातव्या महिन्यात झालं. काचेच्या पेटीत ठेवलं. नवरा, सासू, सासरे, सगळे ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावर गेले. ती आणि तिची म्हातारी आजी, दोघीच तिथं. बावीस दिवस. दर तीन तासांनी दूध पाजायला आत जायचं, बाकी वेळ जिन्याखाली बसायचं.

दिवाळीत तिला तीन मंडळांनी फराळ दिला. तिनं तो सगळा फडक्यात बांधून आजीजवळ ठेवला, नवऱ्याला पाठवायचा म्हणून. माझी बायको भेटायला गेली तेव्हा विचारलं, काय आणू? ती म्हणाली, "वैनी, फोनमदी बॅलन्स टाका. त्यास्नी बाळाचं सांगायचंय." दुसरं काय, तर एक स्वेटर मोठ्या माणसाचा, फरशी गार लागती म्हणून. बाळाला टोपडी सहा आली होती. सगळी त्या बाळाच्या डोक्याच्या दुप्पट.

खाट_नंबर_सात

तेच म्हणतोय मी. खाटेवरच्यापेक्षा खाटेखालचं माणूस बघा.

अधिपरिचारिका

@मुक्काम_पोस्ट_केज, टोपड्यांचं शंभर टक्के खरं. दीड किलोच्या बाळाला बाजारात टोपडं मिळत नाही. कुणाच्या आजीला विणता येत असेल तर मऊ सुती धाग्याचं, मोसंबीवर बसेल एवढं विणायला सांगा. धुऊन आणा.

दख्खनी

आमच्या घरात रमजान ईदला शीरखुर्म्याचं एक पातेलं सिव्हिलमध्ये जातं, अब्बांपासूनची रीत. एका वर्षी गेलो तर इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, भाऊ, दूध नको, पोटाचे पेशंट आहेत. पातेलं तसंच हातात. मग बाहेर रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, रिक्षावाले, पेशंटबरोबरची माणसं, सगळ्यांना कागदी कपात दिलं. लातूरकडचे एक आजोबा वारकरी, गळ्यात माळ. विचारलं, "दूधच हाय न्हवं?" म्हणलं, दूध, शेवया, खजूर, दुसरं काही नाही. दोन कप प्यायले आणि म्हणाले, "नात आतमंदी हाय. तिच्यासाठी तुमच्या द्येवाला बी सांगा." तेव्हापासून आम्ही आत जातच नाही, पातेलं बाहेरच लावतो. धागाकर्ते, हा रस्ता सोपा आहे. परवानगीची कटकट कमी.

जुना_इंटर्न

@दख्खनी, पुढच्या वर्षी आम्हालाही कळवा. :)

रेषेवरची_मुलगी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही मुलांकडून शुभेच्छापत्रं करून घेतो. पहिल्या वर्षी सगळ्यांनी फळ्यावरून उतरवून "लवकर बरे व्हा" लिहिलं. साठ पत्रं, साठही सारखी. नंतर मी सांगितलं, मला विचारू नका, तुम्हाला जे विचारावंसं वाटतं ते लिहा. चौथीतल्या एकानं लिहिलं, "आजोबा तुमच्या घरी म्हैस आहे का? आमची म्हैस लाथ मारते. तुमची मारते का?" ते पत्र ज्यांना मिळालं त्यांनी शेजाऱ्याकडून उत्तर लिहवून घेतलं आणि वार्डातल्या मामांबरोबर शाळेत पाठवलं. दीड पान. म्हशीला दूध काढायच्या आधी कुठं खाजवायचं, याचं वर्णन.

आडवा_तिडवा

सगळं वाचलं. एक कडू बोलतो. २२ हजारांत हे सगळं करण्यापेक्षा मंडळातल्या वीस जणांनी रक्त द्या, फुकट आहे. दिवाळीत कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, शिबिरं होत नाहीत, आणि रक्तपेढीत तुटवडा येतो. थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना दिवाळीची सुट्टी नसते. माझा भाचा त्यातला आहे. त्याला कुणी लाडू दिला तर तो घेतो आणि विचारतो, आज पिशवी मिळाली का?

फोटो काढा नाहीतर काढू नका, बाटली तेवढी भरा.

हुरडा_पार्टी

बाटली भरा हे वाक्य आमच्या मंडळात वेगळं वाजतं. पण सहमत. मी ओ पॉझिटिव्ह. जातो.

शेंगदाण्याची_चटणी

बाप रे. दोन दिवसांनी आलो तर एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. काल पुन्हा मीटिंग झाली, मोबाइलवर हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. केळ्याच्या फोटोला सगळे हसले. नंतर हळूच एकानं बॅनरचा विषय काढून टाकला.

ठरलं ते असं. पणत्या, फुगे रद्द. फराळ अर्धा आणि तो सिस्टर, मावशी, मामा, सुरक्षारक्षक यांना. भर सोबतच्या माणसांवर. चार्जिंगचे एक्स्टेंशन बोर्ड द्यावेत असं आमच्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं आहे.

अधिपरिचारिका

एक्स्टेंशन बोर्ड नको!! एका बोर्डाला आठ मोबाइल आणि वर कुणीतरी पाणी तापवायची दांडी लावतं. मी दर आठवड्याला दोन जप्त करते. गेटबाहेरच्या चहावाल्याशी बोला, त्याच्याकडं चार्जिंगची सोय करा.

खाट_नंबर_सात

पाणी तापवायच्या दांडीवरून आठवलं. नरकचतुर्दशीला पहाटे बायको रडली होती. कारण विचारलं तर सांगेना. मग म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिली दिवाळी, अंगाला तेल-उटणं नाही. तीन दिवस ती नळाच्या गार पाण्यानं तोंड धुवायली होती, आंघोळीची रांग पहाटे तीनला लागायची. शहाण्यांनो, लाडवाचं खूप झालं. गरम पाणी द्या.

शेंगदाण्याची_चटणी

थांबा. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आमच्या मंडपवाल्याकडं लग्नातले बंब आहेत. बघतो.

गोदाकाठची

उटणं मी करून देते. अनाराशांची भरपाई. पाच किलो पुरेल?

*(दिवाळीनंतर)*

शेंगदाण्याची_चटणी

धागा वर काढतोय. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

दवाखान्याच्या आवाराला लागून एक रिकामं शेड आहे. अधीक्षकांना पत्र दिलं, त्यांनी विचारलं, "फराळ नाही? आंघोळ?" दोनदा विचारलं. मग सही केली. आवारात जाळ करायचा नाही ही अट. म्हणून बंब रस्त्यापलीकडं एकाच्या वाड्यात पेटवले आणि बादल्यांनी पाणी आणलं. चार बंब, दोन कनाती, एक बायकांसाठी, एक पुरुषांसाठी. पहाटे चारला सुरू केलं.

साडेचारपर्यंत कुणी येईना. लोक लांबून बघायलेत, जवळ येईनात. फुकट आंघोळ म्हणल्यावर त्यांना वाटलं, काहीतरी विकायला आलेत. मग रात्रपाळीच्या मावशी आल्या, पदर खोचला आणि जिन्याखालच्या बायकांना म्हणाल्या, "उठा गं, माहेरचं पाणी हाय, निवायच्या आत या." त्यानंतर रांग.

मोजली नाहीत, पण साठेक माणसं झाली असतील. टॉवेल पन्नास होते, संपले. मग एकानं घरून चादरी फाडून आणल्या. उटणं खरं तर लवकर संपायला हवं होतं, पण बरंच उरलं. ते बायकांनी चिमूट-चिमूट पुडीत बांधून आत पेशंटसाठी नेलं. सिस्टरांनी ज्यांना चालतं त्यांच्या तळहाताला लावू दिलं. एका बंबाची तोटी गळायला लागली, अर्ध्या शेडमध्ये चिखल. आमचा खजिनदार त्यात घसरून पडला आणि तिथंच ओपीडीत दाखवला. मुका मार. केसपेपरवर कारण लिहिलं: अभ्यंगस्नान.

एक लिहायचं राहिलं. पन्नाशीचा एक माणूस, मुलगा अतिदक्षता विभागात, विषबाधा. कशाची ते विचारलं नाही, सोयाबीनचे दिवस आहेत, समजायचं ते समजलो. त्यानं फराळ घेतला नाही, चहा घेतला नाही. आंघोळ केली. बाहेर येऊन गालावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "दाढी करायला आरसा हाय का?" आमच्याकडं आरसा नव्हता. मी मोबाइलचा कॅमेरा पुढं धरला, त्याला जमेना, हात थरथरायले. गल्लीतला सलूनवाला पाणी ओतायला आला होता. त्यानं ब्लेड विकत आणलं आणि बादली पालथी घालून त्याला बसवलं. दाढी होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. झाल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर सात वाजता बोलावणारेत. बरं दिसाया पायजे."

खर्च १४ हजारांच्या आत. उरलेल्यातून रिचार्ज केले. नऊ जणांनी रक्त दिलं, @आडवा_तिडवा, वीस झाले नाहीत, तिघांचं हिमोग्लोबिन कमी निघालं, बाकीचे पळाले. नावं मागू नका.

आडवा_तिडवा

नऊ चालतील. पळालेल्यांना तीन महिन्यांनी पकडा.

निवृत्त_मास्तर

त्या माणसाच्या मुलाचं काय झालं?

शेंगदाण्याची_चटणी

भाऊबीजेला पुन्हा गेलो होतो मास्तर. खाटेवर दुसरा पेशंट होता. सिस्टर म्हणाल्या, वार्डात हलवलाय. कुठल्या वार्डात ते बघायला गेलो, तो माणूस दारात उभा होता. मला ओळखलं नाही त्यानं. मीही हाक मारली नाही.

मुक्काम_पोस्ट_केज

बंब गळला त्याची तोटी मी पाठवतो. पितळी. चुलत्याचं दुकान आहे.

खाट_नंबर_सात

पुढच्या वर्षी आरसा माझ्याकडून. दुकानातला मोठा, उभा. बायकोही येणार म्हणते, बायकांच्या कनातीत पाणी ओतायला.

अधिपरिचारिका

काचेचा आणू नका. आवारात काच फुटली तर अनवाणी माणसं असतात. स्टीलचा बघा.